फाउन, वार्ड्रुना असे पेगन फोक बँड खरंच निसर्गपूजक असतात का, आणि नवीन माणसानं ऐकायला कुठून सुरुवात करावी?

पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे जुने देव आणि निसर्ग मानणारे. तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे तीन प्रश्न आहेत. हे बँड खरोखर निसर्गाला देव मानतात की शिंगं-कातडी घालून स्टेजवर उभं राहायचं एवढंच आहे, आपल्या देवरायांसारखं युरोपात काही उरलंय का ज्यातून हे संगीत येतं, आणि नवख्यानं काय ऐकावं. मी लाइपझिगला राहते, हे संगीत बरीच वर्षं मनापासून ऐकतेय आणि यातल्या काही जणांना लाइव्ह ऐकलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी देवराईचं बोलते कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. माझं आजोळ राजापूरकडचं. तिथल्या राईत आजही कोणी कोयता लावत नाही, वाऱ्यानं पडलेली फांदीसुद्धा चुलीसाठी घरी नेत नाहीत, आणि का म्हणून विचारलं तर देवाची आहे एवढंच उत्तर मिळतं. हे उत्तर आजीला तिच्या आजीकडून आलं, मध्ये कुठे तुटलं नाही. युरोपात नेमकं हेच तुटलं. 723 च्या सुमारास बोनिफास नावाच्या मिशनऱ्यानं हेसे भागात गाइस्मारजवळ डोनार देवाचा ओक तोडला आणि त्याच झाडाच्या लाकडातून प्रार्थनाघर बांधलं. 772 मध्ये शार्लमेन या फ्रँक राजानं सॅक्सन लोकांचा इर्मिनसूल, म्हणजे त्यांचा पवित्र स्तंभ, पाडला. लिथुआनिया सगळ्यात शेवटी, तिथं 1387 ला अधिकृत धर्मांतर झालं. म्हणजे जर्मनीचं धरलं तर मध्ये हजार-बाराशे वर्षांचा खंड आहे, आणि आज इथं कोणी स्वतःला पेगन म्हणवत असेल तर त्याला त्याच्या आजीकडून यातलं जवळजवळ काहीच आलेलं नसतं.

मग हे आलं कुठून? विसाव्या शतकात लोकांनी जुनी हस्तलिखितं, लोकगीतं, गावच्या चालीरीती, पुरातत्त्वाचे तुकडे हे सगळं गोळा करून परत बांधलंय. ऋतूंवर बेतलेलं आठ सणांचं वर्षचक्र जे आज बरेच पेगन पाळतात तेसुद्धा त्या स्वरूपात ब्रिटनमध्ये 1950 च्या आगेमागे ठरलं. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांचं आसात्रू मंडळ 1972 मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी सरकारी मान्यता मिळाली, आणि मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की 2003 पासून त्या मंडळाचा प्रमुख पुरोहित कोण, तर हिल्मार ओर्न हिल्मार्सन नावाचा संगीतकार. त्यानं 2002 मध्ये सिगूर रोस या बँडबरोबर ओडिन देवाच्या कावळ्यांवरची एक जुनी कविता संगीतात बसवली होती आणि त्यात दगडी चिपांचं एक मोठं वाद्य वापरलं होतं, डोंगरातून गोळा केलेल्या दगडांचं. संगीत आणि ही श्रद्धा या लोकांच्यात इतकी एकमेकांत मिसळलेली आहे.

तर काही जण म्हणतात परंपरा तुटली म्हणजे हे सगळं नकली. मला हे अजिबात पटत नाही. ज्याचं घर पडलं त्यानं विटा वेचून परत बांधलं तर त्या घराला खोटं म्हणणार का आपण? उलट मला यांच्याबद्दल आदर यासाठी वाटतो की ह्यांना सगळं शोधून काढावं लागतं. मरणासन्न बोलीतले शब्द शिकतात, म्युझियममध्ये जाऊन वाद्यांची मापं घेतात, सुतारासोबत बसून ती बनवून घेतात. आपल्याला राई आयती मिळाली म्हणून आपण तिच्याकडे बघतही नाही आणि गावोगावी त्या राया रस्त्यासाठी, देवळाच्या स्लॅबसाठी तुटतायत, हे मी आजोळच्या आजूबाजूला बघितलंय.

एक उदाहरण देते, ते माझ्या घराजवळचं आहे म्हणून जास्तच जिव्हाळ्याचं. लाइपझिगहून लोकल ट्रेननं जाण्यासारखं मेर्झेबुर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात 1841 मध्ये गेओर्ग वाइट्झ नावाच्या इतिहासकाराला एका ख्रिश्चन प्रार्थनेच्या पोथीत कोऱ्या राहिलेल्या पानावर दहाव्या शतकात कोणीतरी लिहून ठेवलेले दोन मंत्र सापडले, याकोब ग्रिमनं पुढच्या वर्षी ते छापले, आणि जुन्या जर्मन देवांची नावं घेणारे मंत्र म्हणून एवढेच काय ते शिल्लक आहेत. दुसरा मंत्र असा की देव रानात जात असतात, बाल्डरच्या घोड्याचा पाय मुरगळतो, देवी येऊन मंत्र म्हणतात आणि शेवटी वोडान, म्हणजे जर्मनांचा ओडिन, म्हणतो की हाडाला हाड, रक्ताला रक्त, सांध्याला सांधा जुळू दे. आता हे वाचून ज्यांना अथर्ववेद माहीत आहे त्यांना लगेच काहीतरी आठवेल. चौथ्या कांडात मोडलेलं हाड सांधायचं सूक्त आहे, रोहिणी वनस्पतीला उद्देशून, त्यात मज्जेला मज्जा, कातडीला कातडी, मांसाला मांस मिळू दे असंच मागितलंय. आडालबर्ट कून नावाच्या जर्मन पंडितानं 1864 मध्येच हे साम्य दाखवलं, तेव्हापासून मूळ एक की दोघांना स्वतंत्रपणे सुचलं यावर वाद चालू आहे. मला वाद सोडवायचा नाही पण पहिल्यांदा हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता एवढं खरं. आणि हाच मंत्र हॅम्बुर्गच्या ऊगेनवाइडे या फोक-रॉक बँडनं 1970 च्या दशकात गायला, नंतर इन एक्स्ट्रेमोनं बॅगपाइप आणि इलेक्ट्रिक गिटार लावून गायला, आज जर्मनीत कुठल्याही मध्ययुगीन जत्रेत गेलात तर पोरं तो पाठ म्हणतात. हजार वर्षं पानात झाकून पडलेला मंत्र रॉक बँडमुळे लोकांच्या तोंडी परत आला. मला सांगा, याला कॉस्ट्यूमचा खेळ कसं म्हणायचं.

आता फाउन. म्युनिकच्या बाजूचा बँड, 1998 च्या सुमाराला सुरू झाला, नाव रोमन रानदेवाचं. ओलिव्हर पाडे हा सुरुवातीपासूनचा माणूस, बाकी लोक येत-जात राहिले. पहिला अल्बम 2002 चा त्साउबरश्प्र्यूखे, मग लिख्ट, रेनेसान्स, टोटेम. जुने जर्मन, लॅटिन, नॉर्डिक शब्द, त्याखाली हार्प, बूझूकी, बॅगपाइप, बासऱ्या, डफासारखे हातानं वाजवायचे ढोल, आणि त्याही खाली नील मित्राचे सिंथ आणि बीट्स. हे सिंथ काही लोकांना खटकतात, मला नाही खटकत, कारण ते खर्जात राहतात आणि वरचं लाकूड नीट ऐकू येतं.

लाकूड म्हटलं कारण या संगीतातला निसर्ग शब्दांत शोधलात तर अर्धाच सापडेल, उरलेला अर्धा वाद्यांत आहे. त्यांचं हर्डी-गर्डी नावाचं वाद्य बघा. पेटीच्या आत एक लाकडी चाक असतं, त्याला पाइनच्या झाडाची राळ लावलेली, एका हातानं दांडा फिरवायचा की चाक तारांवर घासतं, म्हणजे न संपणारा गजच, आणि दुसऱ्या हातानं लाकडी पट्ट्या दाबून सूर काढायचे. काही तारा मात्र सतत एकाच सुरात वाजत राहतात. एकदा इथल्या एका जत्रेत कार्यक्रम संपल्यावर एक वादक ते वाद्य मांडीवर घेऊन दुरुस्त करत बसला होता, कुठल्या मोठ्या बँडचा नव्हे, असाच गावोगाव वाजवणारा. मी जवळ जाऊन बघितलं तर चाक जिथं तारेला लागतं तिथं तो तारेभोवती कापसाचे तंतू गुंडाळत होता, अगदी केसाएवढे, गुंडाळायचा, दांडा फिरवायचा, कान देऊन ऐकायचा, परत थोडे काढायचा. एक छोटी घोडी त्यात मुद्दाम सैल ठेवलेली असते, दांड्याला झटका दिला की ती पेटीवर थरथरते आणि झण्ण असा ताल उठतो. मी त्याला तंबोऱ्याच्या जवारीबद्दल सांगितलं, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा कसा सरकवतात, मोबाइलवर ऐकवलंसुद्धा, आणि आम्ही दोघं बराच वेळ एका कापसाच्या धाग्यावर बोलत राहिलो. तो म्हणाला पावसाळी हवा असली की लाकूड फुगतं आणि कापूस बदलावा लागतो, म्हणजे हवामानच वाद्य लावतं. स्वीडनचं निकेलहार्पा पण असंच, गजानं वाजवायचं, आजच्या प्रकाराला एकूण 16 तारा आणि त्यातल्या 12 निव्वळ तरफा, आपल्या सारंगीसारख्या, ज्यांना कोणी हात लावत नाही आणि त्या आपोआप गुंजतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला हा सगळा आवाज पहिल्या मिनिटात ओळखीचा वाटेल, षड्ज धरून बसलेलं संगीत आहे ते.

वार्ड्रुना यात आणखी पुढे जातो. नॉर्वेचा आयनार सेल्विक आधी गोर्गोरोथ या ब्लॅक मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायचा, 2003 मध्ये त्यानं हे सुरू केलं. जुन्या 24 रून अक्षरांवर तीन अल्बम, 2009, 2013 आणि 2016 चा, प्रत्येकात आठ रून. एकेक रून म्हणजे एकेक वस्तू किंवा शक्ती, गारपीट, घोडा, बर्च, पाणी, आणि त्यानं ठरवलं की ज्याचं गाणं त्याच्याजवळ जाऊन करायचं. बर्चच्या रूनसाठी रानात जाऊन बर्चची झाडंच वाजवली, पाण्याच्या रूनसाठी नदीत उभं राहून गायला. वाद्यं बघा, घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या तारांची ताग्लहार्पा, हरणाच्या कातड्याचा ढोल, बोकडाच्या शिंगाला भोकं पाडून केलेला पावा, बर्चची साल गुंडाळलेली लूर नावाची लांब लाकडी तुतारी. व्हायकिंग्स मालिकेत त्याचं संगीत आलं म्हणून जगभर नाव झालं, पण ती मालिका बाजूला ठेवून ऐका. 2025 चा अल्बम बिर्ना अस्वलीवर आहे, तिच्या हिवाळी झोपेवर आणि वसंतात गुहेतून बाहेर पडण्यावर, आणि तो इतका संथ आहे की घाईत असाल तर लावूच नका.

मग हे लोक पूजा करतात का? काही जण करतात, काही जण म्हणतात आम्हाला देवाचं नाव नको, झाड पुरे आहे. एका बँडमध्ये दोन्ही प्रकारचे लोक असतात. डेन्मार्कचा हायलुंग बँड तर कार्यक्रमाला रिच्युअल म्हणतो, सुरुवातीला धूप फिरवतात, सगळ्यांनी हात धरून माणसं, प्राणी, झाडं, दगड, वारा हे एकमेकांचे भाऊबंद असल्याचं म्हणायचं, त्यानंतर संगीत. मी तिथं उभी राहिलेय आणि माझ्यासाठी तरी ती प्रार्थनाच होती. पण कोणाकोणाच्या मनात काय आहे हे तपासत बसण्यापेक्षा ते जंगलाशी कसं वागतात ते बघावं असं माझं मत आहे.

आणि जंगलाचं सांगते. फाउनचं वालपुर्गिसनाख्ट नावाचं गाणं आहे, 2014 च्या लूना अल्बममधलं. 30 एप्रिलची रात्र, त्या रात्री चेटकिणी हार्ट्झ डोंगरातल्या ब्रोकेन शिखरावर नाचायला जमतात अशी जुनी समजूत. आज तिथल्या टाले, शिर्के अशा गावांत त्या रात्री होळ्या पेटतात, चेटकिणींची सोंगं येतात, मोठी जत्रा असते. ब्रोकेन 1141 मीटर उंच, आपल्या कळसूबाईपेक्षा बरंच बुटकं, पण वर धुकं आणि वारा भयंकर. तिथं आज गेलात तर डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल करडी, साल गळालेली, मेलेली स्प्रूसची झाडं उभी दिसतात. खाणींच्या काळात लाकडासाठी एकाच जातीची झाडं लावत गेले, 2018 पासून लागोपाठ दुष्काळ पडले, झाडांत राळ धरायची ताकद राहिली नाही आणि सालीखालचे भुंगेरे सगळं खाऊन गेले. नॅशनल पार्कच्या बऱ्याच भागात मेलेली झाडं मुद्दाम तशीच ठेवलीत आणि त्यांच्या पायाशी बर्च, रोवन आपोआप उगवतायत. हेडफोनवर ते नाचाचं गाणं आणि समोर हे रान, असं मी अनुभवलंय आणि मला तेव्हा रडू आलं होतं. निसर्गाचं कौतुक करणारी गाणी म्हणजे गोड गोड फुलपाखरं असं कोणाला वाटत असेल तर त्यानं एकदा तिथं जाऊन यावं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी कारण सर्च केलंत की तुम्हाला ती भेटणार. नाझींनी रून, जुने देव, सगळं आपल्या द्वेषासाठी वापरलं, एसएस या त्यांच्या निमलष्करी दलाचं चिन्ह रूनचंच होतं आणि ते जर्मनीत आजही कायद्यानं बंद आहे. त्यामुळे या संगीताच्या आसपास आजही काही विषारी लोक घोटाळतात. सेल्विकनं याविरुद्ध जाहीरपणे अनेकदा भूमिका घेतलीय, की हा वारसा त्यांच्या हातात सोडायचा नाही. स्वस्तिकाचं काय झालं हे माहीत असलेल्या आपल्याला ही चीड समजायला जड जाऊ नये. एखादा नवा बँड सापडला आणि त्याच्या बोलण्यात वंश, रक्त, शुद्धता असले शब्द यायला लागले तर सरळ बंद करा, चांगलं ऐकायला भरपूर पडलंय.

तर ऐकायचं काय. फाउनपासून सुरुवात करा पण 2013 च्या फॉन डेन एल्बेनपासून नको. तो मोठ्या लेबलवर आला, जर्मन चार्टमध्ये पहिल्या दहात गेला, लोकांना फार आवडला, माझ्या मते त्यात सगळं जरा जास्त गुळगुळीत झालंय. रेनेसान्स घ्या, 2005 चा. त्यात लोइबेरे रीझेन नावाचं जुन्या जर्मनमधलं पानगळीचं गाणं आहे, झाडांवरून पानं खाली दरीत उतरतात, फांद्या उघड्या पडतात, एवढंच आहे त्यात, आणि ते ऑक्टोबरात ऐकलंत तर दिवसभर डोक्यातून जात नाही. मग टोटेम, 2007 चा, जरा काळोखा. नाचायचं असेल तर मिडगार्ड अल्बममधलं फेडरक्लाइड. ज्यांना शांत, सिंथशिवाय हवंय त्यांनी 2009 चा बुख डेर बालाडेन.

वार्ड्रुनाचं हेलवेगन हे मृताला निरोप द्यायचं गाणं, ते एकट्यानं ऐका. सेल्विकचा 2018 चा स्काल्ड अल्बम म्हणजे फक्त त्याचा आवाज आणि एक वाद्य, माझ्या ओळखीच्या शास्त्रीय गाणाऱ्या लोकांना तोच सगळ्यात आधी आवडतो.

हॉलंडचा ओम्निया वेगळ्या स्वभावाचा, पेगन फोक हे लेबल रुजवण्यात फाउनइतकाच त्यांचा हात, 2006 च्या अल्बमचं नावच ते आहे. जेनीची हार्प आणि स्टीव्हचा चिडलेला आवाज. 2014 चा अर्थ वॉरियर अल्बम पृथ्वी ओरबाडणाऱ्यांवर सरळ तोंडावर बोलतो, कवितेपेक्षा भाषण जास्त वाटतं काही ठिकाणी, पण राग खरा आहे.

लाइव्ह ऐकायची संधी असेल, म्हणजे तुमचं कोणी नेदरलँड्सला असेल, तर ऑगस्टच्या सुरुवातीला लिसे गावात कॅसलफेस्ट भरतो, 2005 पासून, क्यूकेनहोफच्या किल्ल्याच्या बागेत, ट्यूलिपच्या प्रसिद्ध बागेच्या जवळच. रात्री वेताकाटक्यांची एक भली मोठी आकृती पेटवतात आणि लोक आपल्या इच्छा लिहून आधीच तिच्या आत ठेवून येतात. आमच्या लाइपझिगला पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत मोठा गॉथ महोत्सव असतो, त्यातही पेगन गाव म्हणून वेगळी जागा असते, झाडाखाली बसून वाद्यं बनवणारे लोक भेटतात, आणि विचारलंत तर तासन्‌तास सांगतात. मुंबई-पुण्यात बसून ऐकायचं असेल तर एकच विनंती, मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्या खर्जाच्या तारा तिथं ऐकूच येत नाहीत.

शब्द कळत नाहीत म्हणून सोडू नका. वार्ड्रुनाच्या साइटवर गाण्यांचे शब्द इंग्रजी अर्थासकट आहेत, फाउनचे नेटवर सहज सापडतात. आधी एकदा नुसतं ऐका, मग अर्थ वाचून परत ऐका. आणि सारंगी किंवा दिलरुबा वाजवणारं कोणी ओळखीत असेल तर त्यांना निकेलहार्पाचा एखादा व्हिडिओ दाखवा, ते काय म्हणतात ते मला खाली कमेंटमध्ये नक्की सांगा, मला खरंच ऐकायचंय.